मत द्यायचंय? आधी यादी बघा

मतदानाच्या दिवशी बूथबाहेर हमखास कुणीतरी हुज्जत घालत असतं: "कार्ड आहे माझ्याकडे, मग नाव कसं नाही?" हक्क मिळतो तो यादीतल्या नावाला. ते नाव तुमचंच आहे, एवढंच कार्ड सांगतं.

बेळगाव मुंबई इलाख्यात असताना या यादीत येण्यासाठी सारा, मालमत्ता असल्या अटी होत्या. इथल्या बायकांना प्रांतिक कायदेमंडळासाठी मताचा हक्क 1921 मध्ये मिळाला खरा, पण जमीन नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. यादीत किती जणी आल्या असतील? 1935 च्या कायद्यानंतरही ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार लोकसंख्येच्या 14 टक्क्यांच्या आसपासच. घटनेच्या 326 व्या कलमाने या अटी उडवल्या आणि 21 वर्षांच्या प्रत्येकाला मत दिलं. वय 18 वर आलं 1989 मध्ये. तरी 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असं लिहवलं होतं.

ती निवडणूक बेळगावने मुंबई राज्यातून दिली, 1957 ची म्हैसूर राज्यातून. मतदार तेच, विधानसभा दुसरी. पुढे 1996 मध्ये सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला महाराष्ट्र एकीकरण समितीने बेळगाव लोकसभेला उमेदवारांची रांगच लावली. एकूण 456 जण उभे होते. त्याच वर्षी देशभर लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. माझ्या मते हा फटका हौशांपेक्षा गरिबांना जास्त बसला.

आता सीमेवरचा नेहमीचा घोळ. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, आणि तेही जिथे तुम्ही एरवी राहता तिथे. गावी नुसतं घर मालकीचं आहे, एवढ्यावर नाव लागत नाही. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला कामाला जाऊन संध्याकाळी बेळगावला परतणाऱ्याचं नाव बेळगावातच. दोन्हीकडे ठेवण्यासाठी अर्जात खोटं लिहिलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कागलची मुलगी निपाणीला नांदायला आली की घरचे तिचा नवीन मतदाराचा सहा नंबरचा फॉर्म भरून टाकतात. तिथेच चुकतं. राज्य बदललं तरी स्थलांतराला फॉर्म आठच. त्यात जुना कार्ड नंबर आणि नव्या पत्त्याचा पुरावा द्यायचा, म्हणजे माहेरचं नाव निघून इथे लागतं. सहा भरला तर नाव दोन्हीकडे राहतं आणि पुढे दुबार म्हणून नोटीस येते.

दुसरी कटकट लिपीची. मराठी नाव इंग्रजीतून कन्नडमध्ये जाताना कदमचा कडम होतो. दुरुस्तीलाही फॉर्म आठच. प्रारूप यादी लागली की कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला घेऊन घरातलं प्रत्येक नाव, वय आणि नात्याचा रकाना तपासा.

उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही. फॉर्म दिल्यावर सात दिवस हरकतींचे असतात, तेव्हा त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी फॉर्म द्या आणि पोच घ्या. नोंदणी अधिकाऱ्याने नाकारला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे 15 दिवसांत अपील करता येतं. तिथेही नाही झालं तर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.