कापसामागची जमीन आणि पोमेरान्झ

सोलापुरात इतिहास घेऊन एम.ए. करतोय म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग एमपीएससी देणार का?" इतिहासातलं करिअर म्हणजे एकतर क्लास काढायचा नाहीतर नेट-सेट काढून सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तासिका घेत बसायचं, लोकांना एवढंच माहिती, आणि खरं सांगायचं तर ते फार चुकीचंही नाही. तरी मी पोरांना केनेथ पोमेरान्झ ह्या अमेरिकन इतिहासकाराचं सांगतोच.

आज जगाच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास म्हणलं की ह्याचं नाव पहिल्या ओळीत, पण सुरुवात बघा कुठून. 1988 ला येलमधनं पीएचडी, आणि 1993 चं पहिलं पुस्तक उत्तर चीनच्या आतल्या एका मागे पडलेल्या पट्ट्यावर. पिवळ्या नदीनं 1855 ला पात्र बदललं, पुढं सरकारचं सगळं लक्ष किनाऱ्याकडं गेलं, जुन्या मोठ्या कालव्याला (ग्रँड कॅनॉल) कोण विचारेना, मग पूर आणि जळणाची टंचाई. बास, एवढ्याच भागावर अख्खं पुस्तक! आपल्याकडं असा विषय घेतला तर गाईडच म्हणेल जरा मोठं काहीतरी घ्या की.

पण ते जळण, लाकूड, जमीन डोक्यात पक्कं बसलं असणार, कारण 2000 साली 'द ग्रेट डायव्हर्जन्स' (म्हणजे वाटांना मोठा फाटा फुटणं) आलं ते ह्याच गोष्टींवर उभंय. इंग्लंड पुढं गेलं, चीन का नाही? त्याचं म्हणणं, अख्ख्या चीनशी इंग्लंडची तुलना करूच नका, यांगत्सेच्या मुखाजवळचा सुपीक भाग घ्या. (आपण नाही का सोलापूरची तुलना मुंबईशी करून उगाच रडत बसतो, इचलकरंजी-मालेगावशी करून बघा की.) तर 1750 च्या सुमारास खाणं, कापड, आयुर्मान, बाजार, फार फरक नव्हता म्हणतो. फरक पडला तो हाताशी असलेल्या कोळशानं आणि अमेरिकेतल्या जमिनीनं. 1830 ला ब्रिटन तिकडनं जेवढा कापूस आणत होतं तेवढंच सूत लोकरीचं काढायचं तर मेंढ्यांना 2 कोटी 30 लाख एकर लागले असते, म्हणजे ब्रिटनची सगळी शेती आणि कुरणं धरूनही कमीच!

हे वाचून मी खरंच थांबलो. 1877 ला इथं गिरणी आली, आजही पूर्व भागात दिवसभर मागांची खटखट, बाया कांड्या भरतायत, चर्चा काय तर सुताचा भाव आणि लाईट बिल. टॉवेलमागं जमीन असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

टीकाही भरपूर झाली बरं का. मजुरीचे आकडे पुढं आले आणि इंग्लंड-चीनच्या वाटांना फाटा थोडा आधी, 1700 ते 1750 च्या दरम्यान फुटला असावा हे नंतर त्यानंही मान्य केलं. मला तरी त्याच्या कोळशापेक्षा जमिनीचा मुद्दा जास्त पटतो. आणि भारत त्यात तसा कडेलाच राहतो, त्यासाठी दक्षिणेतल्या विणकरांवर काम केलेल्या प्रसन्नन पार्थसारथींना वाचा.

मानसन्मान पुढं मिळालेच, 2012 ला शिकागो विद्यापीठात प्राध्यापक, 2013 ला अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं अध्यक्षपद.

आता आमच्यातला एकजण म्हणतोय तेलंगणातनं इथं आलेल्या पद्मशाली विणकरांवर पीएचडी करतो. मी म्हणलं कर की, पण पोमेरान्झनं चिनी कागद चिनीत वाचले, तू आधी तेलुगू लिपी शिक. घरात सगळे तेलुगूच बोलतात, वाचता मात्र एकालाही येत नाही.