तुम्ही विचारलंत म्हणून: धावपट्टी समोर आणि इंजिन बंद

‘उंचावर इंजिन बंद पडलं तर निदान वेळ तरी असतो, पण अगदी उतरतानाच पडलं तर?’ मी विमान चालवायला शिकवतो हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात असतं की आलोच आहोत, उरलेलं अंतर विमान तरंगत कापेल. बहुतेकदा नाही कापत.

सेस्ना १७२ हे छोटं, एका इंजिनाचं विमान इंजिनाविना, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली सोडता येणाऱ्या पट्ट्या) मिटलेले असताना, एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. तीन अंशांच्या नेहमीच्या अप्रोचला, म्हणजे उतरण्याच्या तिरप्या वाटेवर, मात्र फुटामागे एकोणीस फूट कापायचे असतात. म्हणजे ५०० फुटांवर असताना धावपट्टी जवळजवळ ३ किलोमीटर लांब, आणि आपली पोहोच दीड किलोमीटरचीही नाही. फ्लॅप सोडलेले असले तर त्याहून कमी. म्हणून मी विद्यार्थ्यांना फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, जरा उंचच आणतो. उंची जास्त झाली तर घालवता येते, कमी पडली तर उसनी मिळत नाही.

इंजिन गेलं की आधी नाक खाली. वेग झपाट्याने पडत असतो आणि हात नेमका योक (विमानाचं नाक वर-खाली करणारं सुकाणू) मागे ओढायला धावतो, कारण डोळे धावपट्टीवर खिळलेले असतात. ओढल्यावर क्षणभर वाटतंही की आता पोहोचतोय. मग स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान पडतं, आणि सावरायला खाली उंचीच नाही. १७२एस या मॉडेलचा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगण्याचा, वेग ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर), तो धरायचा आणि काचेतून बघायचं. धावपट्टीचं अलीकडचं टोक काचेत वर वर सरकत असेल तर आपण अलीकडेच उतरणार. खाली सरकत असेल तर पोहोचतोय. पूर्ण फ्लॅप असतील तर थोडे मिटून अंतर मिळतं, पण मिटताना विमान खचतं. जमिनीजवळ मी फ्लॅप मिटू देत नाही.

उंची हाताशी असेल तर इंजिन पुन्हा धरतं का बघायला कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीचं इंधन) यांवरून एकदा हात फिरवायचा. कार्ब्युरेटर (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या विमानात कमी पॉवरवर बर्फ धरतो, उबदार दमट हवेतसुद्धा.

टोक वर सरकतंय म्हटल्यावर धावपट्टीचा नाद सोडायचा. माणसं इथेच अडतात. समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे शेत किंवा झुडपं असतील तिथे पंख सरळ ठेवून, शक्य तितक्या कमी वेगाने टेकायचं. ताशी ८० किलोमीटरवरून एकसारखं थांबायला तीन मीटर मिळाले, तरी शरीरावर साधारण साडेआठ जीच, म्हणजे वजनाच्या साडेआठपट जोर, येतो. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच झटक्यासाठी चौपट अंतर लागतं. झुडपं ते अंतर देतात, भिंत देत नाही.

टेकण्याआधी पट्टे घट्ट, दारं किलकिली, इंधन बंद. विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच मात्र शेवटी, कारण १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात.