शेणाशिवाय बायोगॅस आणि आपला ओला कचरा

कचऱ्यावरच्या शोधांचा विषय निघाला की ग्रुपवर परदेशातल्या मोठमोठ्या मशिनींचे व्हिडिओ येतात, कुठे समुद्रातलं प्लास्टिक गोळा करणारी बोट, कुठे कचरा जाळून वीज करणारा प्लँट. चांगलंच आहे ते सगळं. पण मला मनापासून भारी वाटलेला शोध पुण्यातलाच आहे, त्यात एकही मोटर नाही आणि तो आमच्या गच्चीवर रोज काम करतोय. डॉ. आनंद कर्व्यांचा ओल्या कचऱ्यावरचा बायोगॅस.

आता बायोगॅस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गावाकडचा गोबरगॅस येतो, गोठा, शेण कालवायचा हौद आणि त्यावर गॅस साठवणारी लोखंडी टोपी. ती तरंगत्या टोपीची रचना जशभाई पटेलांची, १९५० च्या दशकातली, पुढे खादी ग्रामोद्योगने ती देशभर नेली. आणि घाणीपासून गॅस हा प्रकार तर आपल्याकडे त्याच्याही आधीपासून आहे, १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतल्या गॅसवर इंजिन चालवलं होतं! म्हणजे तंत्र जुनंच आहे, अडचण एवढीच होती की शहरात शेण आणायचं कुठून, आणि गावातसुद्धा दोनच जनावरं असतील तर टाकी भरायची कशी.

कर्व्यांचा विचार इतका साधा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही असं वाटतं. ते वनस्पतीशास्त्राचे माणूस, त्यांनी १९९६ साली पुण्यात ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट म्हणजे 'आरती' सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) तयार करणारे जंतू गाईच्या पोटात राहतात, गाय जे खाते त्यावर जगतात, आणि शेण म्हणजे गाईनं आणि या जंतूंनी मिळून खाऊन संपवल्यावर जे उरतं ते. मग आपण त्यांना उरलेलंच परत का खायला घालतोय, सरळ अन्नच का देत नाही? पीठ, साखर, किडकं धान्य, सडकी फळं, अखाद्य पेंड, शिळा भात. त्यांनी ते करून बघितलं आणि गॅस धडाधड यायला लागला. आरतीनं दिलेले आकडे असे की पिठासारखं सुकं खाद्य २ किलो घातलं तर साधारण ५०० ग्रॅम मिथेन मिळतो, तोही एका दिवसात, आणि तेवढ्याच मिथेनला शेण लागतं ४० किलो आणि वेळ ४० दिवस. (आपला शिळा भात-भाजी म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळे घरच्या कचऱ्यातून इतका गॅस येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.) या छोट्या प्लँटसाठी आरतीला २००६ साली स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला, त्याआधी २००२ सालीही मिळाला होता, शेतात जाळून टाकतात त्या उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्यासाठी. पाचटाचा विषय वेगळाच आहे, त्यावर नंतर कधीतरी सविस्तर लिहीन.

प्लँट म्हणजे काय तर प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या. एक हजार लिटरची, एक साडेसातशेची, दोन्हींची तोंडं कापायची आणि लहान टाकी मोठीत उपडी बसवायची. खालच्या टाकीत पाणी आणि सुरुवातीला शेणकाला, कारण जंतूंचं विरजण तिथूनच मिळतं. एका पाइपातून खाद्य आत, दुसऱ्यातून मळी, म्हणजे कुजून उरलेलं पातळ पाणी, बाहेर, वरच्या टाकीला नळी लावून ती स्वयंपाकघरात. गॅस जमला की वरची टाकी आपोआप उचलली जाते. आमच्या सासूबाई सकाळी गच्चीवर तुळशीला पाणी घालायला गेल्या की आधी टाकी किती वर आलीय ते बघतात आणि खाली येऊन सांगतात, "आज डाळ-भात दोन्ही होईल बघ" किंवा "आज नुसता चहा". टाकीवर दोन मोठे दगड ठेवलेत, त्याशिवाय नळीत दाब येत नाही. शेगडीच्या जेटचं भोक मोठं करून घ्यावं लागतं, कारण सिलेंडरच्या गॅसपेक्षा याचा दाब आणि ताकद दोन्ही कमी. ज्योत मात्र छान निळी येते, भांडं अजिबात काळं होत नाही.

नवीन टाकीचा पहिला गॅस पेटत नाही, बरं का. त्यात जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड असतो, तो सोडून द्यायचा आणि धीर धरायचा, बरेच लोक इथंच वैतागून नाद सोडतात.

दुसरी गोष्ट, या टाकीत जंतूंचे दोन गट काम करत असतात, पहिला गट अन्न फोडून त्याची आम्लं करतो, तो फार झपाट्यानं काम करतो, आणि दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन करतो, तो सावकाश. मग एकदम खूप खायला घातलं की पहिला गट सुसाट सुटतो, दुसऱ्याला झेपत नाही, टाकी आंबट होते, गॅस पेटायचा बंद होतो आणि आंबूस वास सुटतो. गौरी-गणपतीत हे हमखास होण्यासारखं असतं, कारण शेजारपाजारचे सगळे प्रेमानं उरलेलं पुरण, खीर, कुस्करलेले मोदक आणून देतात. तेव्हा वाटीवाटीनं घालायचं, बाकीचं डब्यात झाकून ठेवायचं. आंबलीच तर चार-पाच दिवस खाद्य बंद, थोडा चुना नाहीतर परत शेणकाला, मग हळूहळू रुळावर येते. लिंबाची सालं, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, नारळाच्या शेंड्या हे घालायचंच नाही, ते कंपोस्टला. बाकी सगळं बारीक करून, बाहेर आलेल्या मळीतच कालवून घालायचं म्हणजे नवीन पाणी लागत नाही. थंडीत गॅस कमी होतो, डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे चहावरच भागवावं लागतं.

"पण मग परवडतं का, सिलेंडर किती वाचतात?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि मला तो चुकीचा वाटतो. दोन किलो ओल्या कचऱ्यावर एक शेगडी साधारण अर्धा तास चालते, त्यातून टाकीचे पैसे फिटायला बराच काळ जातो, हे खरंच आहे. पण आपण संडासाच्या टाकीचे पैसे किती दिवसांत फिटले असं विचारतो का? ओला कचरा घरातच संपला, घाण गल्लीबाहेर गेलीच नाही, हे या टाकीचं खरं काम, गॅस वरचा फायदा.

आणि ही घाण बाहेर गेली की काय होतं ते बघायला लांब जायला नको. जे जंतू माझ्या टाकीत आहेत तेच कचरा डेपोच्या ढिगाऱ्याखाली असतात, तिथेही हवा पोचत नाही, तिथेही ओलं अन्न असतं, त्यामुळे तोच मिथेन तिथेही तयार होतो. फक्त त्याला पकडायला वर टाकी नसते. तो हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबानं तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २८ पट जास्त तापमान वाढवतो, नाहीतर मग पेट घेतो. मुंबईतलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे, २०१६ च्या जानेवारीत तिथं आग लागली तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसत होता. अशा ढिगाऱ्यात एकदा आग लागली की आतला मिथेन तिला विझू देत नाही. आपल्या पुण्याचा कचरा शहराजवळच्या उरुळी-फुरसुंगी या गावांना जायचा, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वास सोसला, विहिरींचं पाणी खराब झालं, शेवटी रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला जाग आली. आपल्या डब्यातला कालचा भात दुसऱ्याच्या विहिरीत उतरतो, याचा मला खरंच राग येतो.

मोठ्या प्रमाणावरही उपाय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळ्यांनी 'निसर्गऋण' नावाचा प्लँट तयार केला, त्यात कचरा आधी दळून गरम पाण्यात, हवा देऊन कुजवतात आणि मग बंद टाकीत सोडतात, म्हणजे दोन्ही गटांची कामं वेगवेगळ्या टाक्यांत होतात आणि आंबण्याचा त्रास कमी होतो, गॅसमध्ये मिथेनही जास्त मिळतो. माथेरानलाही असा प्लँट बसवला होता. पुणे महापालिकेनं वॉर्डावॉर्डात पाच-पाच टनांचे बायोगॅस प्लँट केले, ती दिशा मला शंभर टक्के बरोबर वाटते, पण त्यातले काही नीट चालले, बरेच अर्धवट चालले, काही बंद पडले. याला मुख्य कारण म्हणजे आत येणारा कचरा! ओल्यात पिशव्या, चमचे, काच, डायपर आलं की क्रशर अडकतो आणि टाकीत गाळ साचतो. जंतूंचा काही दोष नाही त्यात.

म्हणून माझ्या मते या शोधाचा अर्धा भाग टाकीत आहे आणि अर्धा आपल्या ओट्याजवळच्या डब्यात. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार येऊन ओला-सुका वेगळा घेतात, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या ही साधी युक्तीही त्यांच्याच चळवळीतून आली. आमच्याकडे येणाऱ्या ताई बादलीत हात घालायच्या आधी नुसतं झाकण उघडून वासावरून सांगतात की यात प्लास्टिक दडलंय. इतकी वर्षं हातानं ते काम केल्यावर येणारं ज्ञान आहे ते, आणि एकही प्लँट त्यांच्याशिवाय चालणार नाही असं मला वाटतं.

माझ्या बहिणीच्या सोसायटीत बिल्डरनं कंपोस्टचं इलेक्ट्रिक मशीन बसवून दिलंय, परवानगीसाठी लागतं म्हणून. ते बंद आहे. विजेचं बिल कोण भरणार आणि भुसा कोण आणणार यावर मीटिंगमध्ये भांडणं झाली आणि त्यावर आता ताडपत्री घातलीय, सगळा ओला कचरा घंटागाडीत जातो. तुमच्याकडे असं काही घ्यायचं चाललं असेल तर मशीन बघायच्या आधी रोज सकाळी तिथं उभं राहणारा माणूस कोण, त्याला पगार किती आणि तो सुट्टीवर गेला तर काय, हे ठरवून घ्या प्लीज.

ज्यांना गच्ची किंवा अंगण नाही त्यांनी बायोगॅसच्या मागे लागू नका, बाल्कनीत भोकं पाडलेली बादली, सुका पाला आणि थोडं आंबट ताक एवढ्यावर उत्तम खत होतं. जागा आहे त्यांनी मात्र जरूर विचार करा, ऊन येणारा कोपरा बघा, आणि जवळपास गोठा कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. आमच्या गल्लीतल्या जोशीकाकूंना टाकी बसवायची आहे, त्यांच्यासाठी मी सध्या शेणाचीच सोय बघतेय.