मधाची वाट दाखवणारा पक्षी आणि त्याला साद घालणारी माणसे

नांगरामागून चालणारे बगळे आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. उलथलेल्या मातीतले किडे त्यांना आयते मिळतात. शेतकऱ्याचे काम मात्र त्यांच्या येण्याने हलके होत नाही. अन्नाच्या शोधात रानातला प्राणी आणि माणूस एकमेकांना साद घालतात, सोबत निघतात आणि दोघांच्याही पदरात काही पडते, अशी उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. त्यांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटते ते आफ्रिकेतील हनीगाइड या पक्ष्याचे.

दिसायला हा पक्षी अगदी सामान्य, करड्या-तपकिरी रंगाचा आणि वजनाने जेमतेम ५० ग्रॅमचा आहे. त्याला मेण खायला आवडते आणि ते पचतेही, जे फार थोड्या प्राण्यांना जमते. मधमाश्यांची पोळी रानात कुठे आहेत हे त्याला ठाऊक असते, पण झाडाच्या ढोलीत दडलेले मोहोळ फोडणे आणि माश्यांच्या डंखांना तोंड देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. माणसाकडे कुऱ्हाड आणि धूर दोन्ही आहेत, पण मैलोन्‌मैल पसरलेल्या रानात नेमकी ढोली शोधणे त्याला जड जाते. म्हणून पक्षी माणसाजवळ येऊन, अर्धवट भरलेली काडेपेटी हलवावी तसा आवाज करतो, पुढच्या झाडावर जातो, माणूस मागे येतो आहे याची जणू खात्री करून घेतो आणि असे टप्प्याटप्प्याने त्याला मोहोळापर्यंत नेतो. माणूस मध घेतो आणि उरलेल्या पोळ्यातले मेण व अळ्या पक्ष्याला मिळतात.

या पक्ष्याची जुनी नोंद जोआंव दोस सांतोस या पोर्तुगीज धर्मोपदेशकाची आहे. १५८८ च्या सुमारास मोझांबिकच्या किनाऱ्यावरील सोफाला येथे हे पक्षी प्रार्थनागृहात शिरून मेणबत्त्यांचे मेण खात असल्याचे आणि माणसांना मोहोळापर्यंत नेत असल्याचे त्याने लिहून ठेवले. शास्त्रीय मोजमाप मात्र फार उशिरा झाले. केनियातील बोरान लोकांसोबत काम करून हुसेन आयझॅक आणि हाइन्झ-उलरिश रेयर यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी मुलखात एक मोहोळ शोधायला सरासरी जवळजवळ नऊ तास लागत असतील, तर पक्षी सोबत असताना ते काम तीन तासांच्या आसपास उरकते.

मोझांबिकच्या नियासा अभयारण्यातील याओ लोक पक्ष्याला बोलावण्यासाठी ‘ब्र्र्र्र-हम्’ अशी विशिष्ट साद घालतात, आणि ती बापाकडून मुलाकडे येते. क्लेअर स्पॉटिसवुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या प्रयोगात, ही साद ऐकवत चालल्यास मोहोळ सापडण्याची शक्यता ५४ टक्के आढळली; इतर आवाज ऐकवल्यास ती १७ टक्क्यांच्या आसपास राहिली. टांझानियातील हाड्झा लोक मात्र साद न घालता सुरेल शीळ वाजवतात. पुढे २०२३ मध्ये दोन्ही आवाज दोन्ही ठिकाणी वाजवून पाहिले, तेव्हा प्रत्येक ठिकाणचे पक्षी तिथल्याच माणसांच्या आवाजाला अधिक प्रतिसाद देतात, असे दिसून आले.

यातली खरी गंमत अशी की, हनीगाइडची मादी कोकिळेसारखी दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालते आणि तिचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच चोचीच्या आकड्यांनी यजमानाची पिल्ले मारून टाकते. आईबापांचा सहवास ज्याला कधी लाभत नाही, त्या पक्ष्याला स्थानिक माणसांची हाक आईबापांकडून शिकण्याची सोयच नाही. ती त्याला बहुधा माणसांच्या आसपास वावरूनच कळत असावी.

हे सहकार्य सर्वत्र सारख्याच सौजन्याने चालते असेही नाही. याओ लोक मध काढल्यावर मेण पानांवर मांडून पक्ष्यासाठी ठेवतात. हाड्झा लोक पुष्कळदा उरलेले पोळे जाळून किंवा पुरून टाकतात, कारण भुकेला पक्षी पुन्हा वाट दाखवायला येतो, असा त्यांचा हिशोब आहे. मला त्यात क्रौर्य दिसत नाही. जिच्या वर्षभराच्या आहारातला आठ ते दहा टक्के भाग या पक्ष्याच्या मदतीने मिळतो, त्या जमातीने पक्ष्याच्या स्वभावाचा काढलेला तो अंदाज आहे.

आपल्याकडे सह्याद्रीत आग्यामोहोळ कड्याला किंवा उंच फांदीला उघड्यावर लटकते आणि मध काढणाऱ्याला ते लांबूनच दिसते. हिमालयात हनीगाइडचा एक भाऊबंद आहे आणि तोही मेणच खातो, पण तो माणसाला वाट दाखवत असल्याची नोंद नाही. आफ्रिकेतही ही जोडी सर्वत्र टिकलेली नाही. पक्षीशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच नोंदवले होते की, जिथे माणसांनी रानातला मध शोधणे सोडले आहे, तिथे पक्ष्यांची वाट दाखवण्याची सवयही मावळत चालली आहे. दुकानात साखर मिळू लागली की, मुलाला साद शिकवण्याची बापाला गरज उरत नाही. म्हणूनच, जंगल राखायचे म्हणून मध काढण्यावरच सरसकट बंदी घालणे मला पटत नाही; नियासात अभयारण्याच्या आतच वस्त्या आहेत आणि ही साद तिथे अजून ऐकू येते, ती तिथली माणसे मधासाठी रानात जात असल्यामुळेच.