ध्वनिमुद्रण उतरवताना: लिनक्सवरील कळांची मांडणी

मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकून ती मराठीत टंकण्याच्या कामात टंकन थांबवून, माउस हाती घेऊन, व्हीएलसी या ध्वनिमुद्रणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिडकीत जाऊन आवाज मागे नेणे फार वेळखाऊ ठरते. हे सारे कीबोर्डवरूनच व्हावे म्हणून मी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या जीनोम डेस्कटॉपवर स्वतःचे शॉर्टकट बसवायला घेतले.

कीबोर्डवरची प्ले-पॉजची कळ मुळात चालत होतीच. पण ब्राउझरमध्ये एखादी चित्रफीत उघडी असली, की कधीकधी व्हीएलसीऐवजी तीच सुरू होई, कारण दोन्ही प्रोग्रॅम एमपीआरआयएस या एकाच व्यवस्थेतून डेस्कटॉपचे आदेश स्वीकारतात. यावर प्लेअरसीटीएल हा छोटा प्रोग्रॅम उपयोगी पडला. त्याच्या आदेशातच प्लेअरचे नाव देता येत असल्यामुळे कळ दाबल्यावर फक्त व्हीएलसी थांबतो, आणि ‘पोझिशन’पुढे पाच व उणे चिन्ह दिले की तो पाच सेकंद मागे येतो. उतरवून घेणाऱ्याला थांबण्यापेक्षा हे मागे येणेच अधिक लागते.

कळा निवडताना मात्र विचार करावा लागला. सुपर (म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस ही जोडी मराठी व इंग्रजी कीबोर्ड बदलण्यासाठी राखलेली आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफच्या कळा एकत्र दाबल्या तर थेट दुसरे टर्मिनल, म्हणजे आदेश टंकण्याचा नुसत्या मजकुराचा पडदा, उघडते. अक्षरांच्या कळा मांडणीबरोबर बदलतात, एफच्या बदलत नाहीत, म्हणून सुपरसोबत एफ८, एफ९ आणि एफ१० घेतल्या आणि सेटिंग्जमधील कीबोर्ड विभागात, स्वतःच्या शॉर्टकटांच्या यादीत, एकेक आदेश नोंदवला.

तिसऱ्या कळेने ध्वनिमुद्रणातील चालू वेळ क्लिपबोर्डवर यावी, अशी योजना होती. टर्मिनलमध्ये बिनचूक चालणारा आदेश शॉर्टकटमध्ये मात्र निमूटपणे काहीच करीना. जीनोम हा आदेश शेलकडे, म्हणजे टर्मिनलमधील आदेशांचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रॅमकडे, न देता थेट चालवते, त्यामुळे एका प्रोग्रॅमचे उत्तर दुसऱ्याला देणारी उभी रेघ तिथे निरर्थक ठरते. संपूर्ण आदेश अवतरणात घालून त्याआधी ‘एसएच’ हे शेलचे नाव आणि ‘उणे सी’ लिहिल्यावर वेळ मिनिटे-सेकंदांत मिळू लागली.

शॉर्टकटांच्या या नोंदी डीकॉन्फ या जीनोमच्या सेटिंग्जच्या साठ्यात साठतात, आणि तेथील ‘मीडिया-कीज’चा भाग ‘डंप’ने फाइलमध्ये उतरवून ‘लोड’ने दुसऱ्या संगणकावर चढवता येतो, प्लेअरसीटीएल मात्र तिथे वेगळा बसवावा लागतो.