बोअरचं स्टार्टर आणि जहाज

मी जहाजावर विजेचं काम बघणारा अधिकारी. सुट्टीवर परभणीला आलोय. आज सकाळी शेतातली बोअरची मोटर बंद पडली. मी पोचायच्या आधीच चुलतभावाचं पोरगं स्टार्टर उघडून बसलेलं. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. एक फेज गेल्याचं त्यानं मीटर लावून शोधलं आणि बांधावर बसून विचारलं, "काका, जहाजावर काय वेगळं असतं हो?"

मग दुपार कशी गेली कळलं नाही. आपल्याकडं 50 हर्ट्झ, तिथं बहुतेक जहाजांवर 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. न्यूट्रलला सहसा अर्थिंग नसतं, म्हणजे तो जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला नसतो. म्हणून एका फेजला अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे ती फेज सांगाड्याला टेकली, तरी स्टीअरिंगची मोटर चालूच राहते, फक्त अलार्म येतो. मग एकेक फीडर, म्हणजे वीज पुढं नेणारी लाइन, बंद करत तो फॉल्ट शोधायचा, डोलत्या जहाजावर, कधी रात्रभर. मला हे काम मनापासून आवडतं.

इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हे आमचं पद खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आलं, त्या नियमांच्या 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनी.

एक गोष्ट त्याला दोनदा सांगितली. मी सुरुवातीला एका एजंटाला पैसे दिले होते, आईच्या पाटल्या मोडून. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, हे आम्हाला सांगणारं गावात कोणी नव्हतं. कोर्स डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज विभागाच्या, मान्यतेचा आहे का, भरती करणाऱ्या कंपनीकडं परवाना आहे का, आधी तेच बघायचं.

उद्या त्याला डोळे तपासायला नेतोय. रंग ओळखता आले नाहीत तर जहाजावरच्या नोकरीचं पुढचं सगळंच अडतं.