फोटोशॉप की लाइटरूम?

"फोटो एडिट करायला फोटोशॉप घेऊ की लाइटरूम?" आज एकाने विचारलं. काढतो काय, तर लग्नाचे फोटो!

मग प्रश्नच मिटला. शेकडो रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा) चाळायच्या, एकीचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळट-निळसर तोल) बाकीच्यांना लावायचा, तर लाइटरूम किंवा फुकटचं डार्कटेबल. एकाच फोटोत लेयर (एकावर एक थर), मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारा पडदा) लावून बारीक काम करायचं, तर फोटोशॉप.

खरी गोम वेगळीच आहे. लाइटरूम क्लासिक मूळ रॉला हात लावत नाही, एडिट कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये, राहतात. बॅकअप फक्त फोटोंचा घेतला आणि कॅटलॉग उडाला, की मेहनत पाण्यात. शिवाय दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडरने केलेले ते बदल जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून निवडक फोटो १६ बिट टिफमध्येही (रंगांचे बारकावे जपणारी, इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल) काढून ठेवावेत.

ट्रायल घेताना स्वतःचेच, हाय आयएसओवाले (कमी उजेडात काढलेले) फोटो टाकून बघा. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ ते सॉफ्टवेअर उघडतं का, तपासलंय?